धामणाची कामठी

आमच्या गॅलरीतल्या भिंतीवर काळ्या रेघा आहेत. चार-चार बोटांच्या अंतरावर एक, अशा आडव्या सात. मध्ये घराला रंग दिला, पण त्या भिंतीवर मी ब्रश फिरवू दिला नाही. रंगवाला म्हणाला, "बेन, आ शुं छे?" मी म्हटलं, "तू बाजूनं मार, तिथं हात लावायचा नाही." बाई तऱ्हेवाईक आहे असं त्याला वाटलं असेल. आहेच मी. सुरतेच्या नवागाममध्ये तीस वर्षं काढली. घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापते. कात्रीला मधूनमधून धार लावावी लागते, जिभेला लावावी लागत नाही, असं माझा नवरा म्हणतो.

नवरा लूमचा मास्तर. म्हणजे लूम बिघडला की हाक ज्याला मारतात, तो. गल्ली त्याला मास्तर म्हणते म्हणून मीही मास्तरच म्हणते. लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, जन्म गेल्यामुळे त्याला आता कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यातलं माझं तो सोयीनं ऐकतो.

त्या रेघा मास्तरनं मारल्या, माझ्या व्याह्यांसाठी. सुनेच्या वडिलांसाठी.

ते आले गणपती उठल्यानंतर दोन दिवसांनी. सुनेला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपला रिवाज, पण तिची आई तीन वर्षांपूर्वी गेलेली, आणि माहेर सातपुड्यात, धडगावच्याही पलीकडे डोंगरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा प्रवास नको. मग माहेरच इकडं आलं. एक कापडी पिशवी, मोरधनाचं, म्हणजे भगरीचं, गाठोडं, आणि खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं एक लांबडं काहीतरी. उधना स्टेशनपासून ते रिक्षाच्या बाहेर हातभर आलेलं होतं म्हणून रिक्षावाल्यानं वाटेत तीनदा कटकट केली म्हणे. मी दारात उभी. पाणी द्यायच्या आधी मी विचारलं, "हे काय आणलंत?"

"लाकूड शे," ते म्हणाले.

मला राग आला. सुरतेत लाकूड मिळत नाही की काय! बाळंतिणीसाठी डिंक आणायचा, खारीक आणायची, तर हा माणूस सरपण घेऊन आला.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा मुलगा हजिऱ्याला एका प्लांटमध्ये क्रेन चालवतो. सून तिथल्याच दवाखान्यात नर्स होती. भिल्लाची मुलगी करतो म्हणाला तेव्हा मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. लग्न कोर्टात झालं. नंतर जेवण ठेवलं, त्यात व्याह्यांना पान वाढलं, आग्रहही केला, चार लोकांत दिसायला हवा तेवढा. पण त्यांच्याजवळ बसून मी दोन शब्द बोलले नाही. ते जेवले, हात धुतला, मला हात जोडले आणि गेले. सुनेशी मी कधी वाईट वागले नाही. चांगलंही वागले नाही. दोघींमध्ये कायम एक ताट ठेवल्यासारखं होतं, कुणी उचलत नव्हतं.

पोतं सोडल्यावर आतून निघालं ते अर्ध्या मनगटाएवढं जाड, माझ्या हनुवटीपर्यंत येणारं, धुरानं काळपटलेलं लाकूड. सून आतून पोट सावरत आली, खाली बसली आणि त्या लाकडाला नाक लावून तिनं वास घेतला. मी बघत राहिले. मग तिनंच सांगितलं. त्यांच्या शेताच्या बांधावर धामणाचं झाड होतं. तिच्या आईनं रोप असताना बकऱ्यांपासून राखलेलं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जगवलेलं. आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते वादळात पडलं. खोड चिरफाळलं, वेडंवाकडं फाटलं. त्यातून सरळ रेषेचा असा एकच तुकडा निघाला. तो तिच्या बापानं चुलीवरच्या माळ्यावर दोन वर्षं धुरात वाळवला होता.

"याची कामठी करणार आहेत बा," ती म्हणाली. "बाळासाठी."

कामठी म्हणजे आपलं धनुष्य. त्यांच्याकडे घरात मूल आलं की कामठी हवीच. पूर्वी तर नाळ बाणाच्या टोकानं कापत. आता ते दवाखान्यात होतं, मग निदान पाचवीच्या पूजेला बाळाच्या उशाशी कामठी असावी, एवढंच त्या माणसाचं म्हणणं. आणि ती या झाडाची असावी. दुसरा तुकडा नव्हता. हा फुटला किंवा बिघडला, तर आजीच्या हातचं त्या बाळापर्यंत काहीच पोचणार नव्हतं.

"आणि मुलगी झाली तर?" मी विचारलं. मला वाटलं, आता अडकले.

"पोरगीले हात नही ऱ्हातस का?" ते म्हणाले.

"पण एवढी मोठी? बाळाला?"

"पोर वाढी, याहीनबाई. कामठी थोडी वाढस?"

मी गप्प बसले. आमच्या घरात मला गप्प बसवणं सोपं नाही, म्हणून मास्तर आतल्या खोलीत जाऊन हसला. त्याला बरोबर तेवढंच ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत काम सुरू झालं. त्यांच्याजवळ अवजारं म्हणाल तर एक कोयता आणि एक लहानसा वाकस, ज्यानं लाकूड तासतात तो. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. पहिला अख्खा दिवस त्यांनी लाकडाला हत्यार लावलंच नाही. मांडीवर घेऊन नुसतं फिरवत होते. उन्हात धरायचे, परत फिरवायचे, बोटानं एक रेघ शोधत टोकापर्यंत जायचे. मी धागे कापत दारात बसलेली. शेवटी न राहवून म्हटलं, "पसंत पडलं का मग?" ते हसले. म्हणाले, साल निघते त्या बाजूला लाकडाची पाठ असते. ती पाठ जशी झाडानं दिली तशीच ठेवायची, तिच्यावर घाव घालायचा नाही. तिथला एक धागा जरी तुटला तरी कामठी तिथूनच फुटणार. तासायचं ते पोटाच्या बाजूनं, जी बाजू ओढणाऱ्या माणसाकडे येते.

मग तासायला लागले तेव्हा मी पाहिलं. हात मोठा नव्हता, घाईचाही नव्हता. वाकस उचलायचा आणि नुसता पडू द्यायचा. ढलप्या निघायच्या पातळ, जवळजवळ सगळ्या सारख्या. मी तीस वर्षं बोटांचं काम करते. हातात कसब आहे की नुसती सवय आहे, हे मला लांबूनही कळतं. त्या माणसाच्या हातात काय होतं ते मला पहिल्या तासात कळलं होतं. कबूल करायला मात्र महिना लागला.

कचऱ्यावरून मी बोललेच. लाकडाचा भुसा साड्यांवर उडायचा. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांनी गॅलरीच्या दाराला माझंच जुनं लुगडं बांधून पडदा केलेला आणि संध्याकाळी सगळं झाडून पिशवीत भरून ठेवलेलं. भांडायला जागा ठेवत नाहीत अशा माणसांशी कसं वागायचं हे मला येत नाही.

आकार आला, मग खरं काम सुरू झालं. कामठी म्हणजे वाकवलेली काठी अशी माझी समजूत. तसं नाही. तिला वाकायला शिकवावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना सारखं. वाकसाचं काम संपलं आणि काचेचं आलं. फुटक्या काचेच्या धारेनं पोट खरवडायचं, म्हणजे केसासारखे पातळ तुकडे निघतात. त्यांनी काच मागितली. घरात एक तडकलेला आरसा होता. पण बाळंतपण तोंडावर असताना फुटका आरसा मी घरात कुणाच्या हातात देणार नव्हते. मास्तरनं कुठूनतरी खिडकीच्या काचेचा तुकडा आणला.

मास्तर एव्हाना पुरता गुंतला होता. खात्यातून आला की डबा ठेवायचा आणि गॅलरीत. दोघं जोरजोरानं बोलायचे. एक कानानं कमी, दुसरा भाषेनं वेगळा. अर्धं अहिराणी, अर्धं भिल्लांचं, मध्येच गुजराती. एक दिवस मास्तर खात्यातून व्हर्नियर घेऊन आला. लूमच्या पार्टाची जाडी मोजतात ते. कामठीच्या दोन्ही बाजू मोजल्या आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "हाई बाजू जाड शे. दोन्ही सारख्या करा."

व्याह्यांनी त्याचं बोट धरलं आणि जाड जागेवर ठेवलं. तिथं लाकडात मसूर बसेल एवढी गाठ होती. म्हणाले, गाठीजवळ लाकूड दुबळं असतं, तिथं जास्त मांस ठेवायचं. "मास्तर, लूम नही हाई. जाडी सारखी नको. वाक सारखा पाहिजे."

मास्तरनं व्हर्नियर खिशात घातला. पण त्याचंही डोकं आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं गॅलरीच्या भिंतीवर मोठी पट्टी लावून त्या सात रेघा मारल्या. वर दोन खिळे ठोकले, कामठीचा मधला भाग त्यांवर आडवा टेकवला, दोरी बांधली आणि दोरीच्या मधोमध पाण्याचा कॅन लटकवला. कॅनमध्ये थोडं थोडं पाणी ओतायचं. कामठी हळूहळू खाली वाकायची, आणि रेघांमुळे कोणती बाजू कितव्या रेघेवर आली ते आंधळ्यालाही दिसावं. व्याह्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि मास्तरच्या पाठीवर थाप मारली. मास्तर लाजला. लग्नानंतर तो लाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दोरीही मास्तरनंच वळली, बॉबिनवर उरलेल्या पॉलिस्टरची, मेण लावून.

रोजचा क्रम ठरला. कॅन लावायचा, लांब उभं राहून बघायचं. जिथं कामठी वाकत नाही तिथं कोळशाची खूण करायची. उतरवायची, दोरी काढायची, खुणेवर काचेचे दहा-बारा हात मारायचे, परत चढवायची. जिथं जास्त वाकते त्या जागेकडे ढुंकून बघायचं नाही. उरलेल्यांना तिच्याबरोबरीला आणायचं. "घसायेल परत लागत नही," असं ते म्हणायचे, आणि एवढं हळू काम करायचे की मला जांभया यायच्या. पण उठून जावंसं वाटायचं नाही. माझे धागे कापायचे तसेच राहायचे. सून बाजूला खुर्ची टाकून बसायची. मीच तिला म्हणायचे, "अगं, पाय वर घे." तिचे पाय सुजलेले होते. एकदा मी ते तेल लावून चोळले, आणि ती इतकी अवघडली की मलाच वाईट वाटलं. वर्ष-दीड वर्ष घरात असलेल्या मुलीला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

आणि एक गोष्ट ते रोज न चुकता करायचे. काम संपलं की दोरी उतरवायची. मी विचारलं होतं कशाला रोज रोज. म्हणाले, ताणलेली ठेवली तर लाकूड वाकच विसरत नाही, आळशी होतं. "काम झायं का तिले मोकळं करानं." मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. म्हणून तर पुढचं मला अजून टोचतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मास्तरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, माझ्या कात्र्या, मुलाचं हेल्मेट, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या वर्षी कामठी जवळजवळ तयार होती; शेवटचं तेल तेवढं बाकी. सकाळी व्याही आणि मास्तर झेंडू आणायला बाजारात गेले. मी पाट मांडला. कात्र्या ठेवल्या, पाने ठेवले, मग कामठी ठेवली. आणि बघितलं तर काय? काठी. दोरी उतरवलेली, एका टोकाला गुंडाळी. बघणाऱ्याला वाटावं पडदा लावायचा दांडा आहे.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका येणार होत्या. याच बायका लग्नाच्या वेळी माझ्या तोंडावर गोड बोलून मागं कुजबुजल्या होत्या, आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. आता मला त्यांना दाखवायचं होतं. बघा, माझ्या व्याह्यांचा हात बघा! तुमच्यापैकी एकीच्या तरी व्याह्याला येतं का असं? मी पदर खोचला. ते कसे चढवतात ते महिनाभर बघितलं होतं. एक टोक पायाशी अडकवायचं, मांडीवर रेटायचं आणि दोरीचा फास वर सरकवायचा. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. दोरीवर बोट मारलं तर टणकन आवाज आला. काय सांगू किती बरं वाटलं. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न, बायका येऊन गेल्या की उतरवू, असं मनाशी म्हटलं. फुलं घेऊन दोघं परत यायच्या आत वर ओढणी टाकली. एकदम दाखवायचं होतं ना.

ते परत आले आणि पिशवी ठेवतात तोच सुनेच्या कळा सुरू झाल्या.

मग कसली पूजा आणि कसल्या बायका. मुलाला हजिऱ्याला फोन केला, रिक्षा आणली, दाराला कुलूप लावलं, आणि आम्ही चौघं दवाखान्यात. मुलगा परस्पर तिथं आला. तो दिवस गेला, दसऱ्याचा दिवस आला. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, होईल, पहिलं आहे. मला कुणीतरी म्हणालं, घरी जाऊन आंघोळ करून या. सुनेनं माझं मनगट धरलेलं होतं. "मम्मी, जाऊ नका," एवढंच म्हणाली. तिच्या आईच्या जागी धरलं होतं तिनं मला, आणि मी त्या जागेची नव्हते हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी गेले नाही. मनगटावर तिच्या नखांच्या खुणा आठवडाभर होत्या. दसऱ्याला दिवेलागणीच्या सुमाराला मुलगी झाली. व्याह्यांनी बाहेर बाकावर बसल्या बसल्या दोन्ही हात तोंडावर घेतले. कामठी माझ्या स्वप्नातही नव्हती.

एकादशीला दुपारी सगळे घरी आलो. बाळाला ओवाळून आत घेतलं. व्याही हात धुऊन वळले आणि पाटाकडे त्यांचं लक्ष गेलं. ओढणी त्यांनीच उचलली.

दोन दिवस आणि दोन रात्री ती ताणलेली पडून होती. त्यांनी खाली बसून दोरी उतरवली. कामठी सरळ झाली नाही. दोरी सुटूनही ती वाकलेलीच राहिली, चार बोटं वाक. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. महिन्याची मेहनत अशी एका नजरेत वाया गेलेली दिसली.

"दोरी कोन चढाई?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मास्तर माझ्याकडे बघत होता. मी कुणावर ढकलू शकत होते? ढकललंही नसतं. "मी चढाई," मी म्हटलं. "गल्लीतल्या बायकांना दाखवायला." आणि मला रडू आलं. मी सहजासहजी रडत नाही, लोकांसमोर तर नाहीच. पण आतल्या खोलीत ती पोर बाळाला घेऊन झोपली होती, आणि तिच्या आईचं झाड मी माझ्या मिरवण्यासाठी वाकडं केलं होतं.

ते लाकूड मांडीवर घेऊन फिरवायला लागले, पहिल्या दिवसासारखं. मग म्हणाले, "इंगळ भेटतीन का?"

आमच्या नाक्यावर इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री वापरतो. मास्तर घमेल्यात निखारे घेऊन आला. व्याह्यांनी कामठीच्या पोटाला तेल चोळलं आणि ती निखाऱ्यांवर हातभर उंच धरून सरकवत राहिले, न थांबता. एका जागी थांबली तर जळणार, लवकर काढली तर उपयोग नाही. दर थोड्या वेळानं लाकडाला तळहात लावून बघायचे. हात टेकवेना झाला तेव्हा त्यांनी ती उलट्या बाजूनं पलंगाच्या लोखंडी नळीवर दाबली. "बांधा," म्हणाले. माझ्याकडे साड्यांच्या काठाच्या कापलेल्या पट्ट्या पडून असतात. मी बांधत गेले, ते दाबत गेले. आमची दोघांची बोटं भाजली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला कुणी हात लावायचा नव्हता.

सोडली तेव्हा मी देवाचं नाव घेत होते. वाक गेला होता, जवळजवळ सगळा. पण भिंतीवर कॅन लावल्यावर दिसलं, डावी बाजू तिसऱ्या रेघेवर आणि उजवी अजून दुसरीच्या वर. उजवी परत खरवडायला हवी होती. आणि पाचवी दुसऱ्या दिवशी होती.

त्यांनी काच उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"मी?" मी मागं सरकले. "नाही हो. एकदा बिघडवली ती पुरे."

"तुमनी बोटे धागा सोधतस," ते म्हणाले. "हाई बी तसंच शे."

त्यांनी माझा अंगठा आणि पहिलं बोट लाकडाच्या दोन्ही कडांना लावलं आणि टोकाकडे सरकवायला सांगितलं. डोळे मिटून. मी रोज साडीचा काठ असाच बोटांतून सोडते. कुठं धागा सुटला असेल तिथं बोट आपोआप थांबतं. पहिल्या खेपेला काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला मधल्या मुठीपासून दीड वीत पुढं बोट थांबलं. तिथं लाकूड भरलेलं होतं, अगदी किंचित. "इथं," मी म्हटलं. डोळे उघडले तर ते हसत होते. त्या जागेवर पाठीमागं कोळशाची खूण आधीच होती. त्यांना माहीत होतं; मला कळतं का ते बघत होते.

दहा हात मारले. कॅन लावला. परत बोटं फिरवली, परत दहा. दुपारभर आम्ही दोघं तेच करत होतो. त्यांनी एकदाही माझ्या हातातून काच घेतली नाही. एवढं सोन्यासारखं लाकूड, जिनं बिघडवलं तिच्याच हाती देऊन हा माणूस शांत बसला होता. मी आयुष्यात खूप कारागीर पाहिले, माझ्या घरातही एक आहे. पण चुकलेल्या माणसावर असा भरवसा टाकणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. चहाच्या वेळी मास्तर भिंतीपुढं उभा राहिला, एक डोळा मिटला आणि ओरडला, "चौथी! दोन्ही चौथीवर!" आतून बाळ दचकून रडायला लागलं.

पाचवीला पाटावर पूजा मांडली. विळा, वही, पेन आणि कामठी. सुनेनं तिच्यावरून हात फिरवला, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "अजून येतो." निखाऱ्यांतून जाऊनही लाकडात तो चुलीचा धूर राहिला होता.

पण दोरी उतरवली की बोटभर वाक अजून दिसायचा. माझी नजर सारखी तिथंच जायची. सगळे जेवून उठल्यावर मी व्याह्यांना म्हटलं, "एवढा राहिलाय तो. परत निखारे आणायला सांगू का मास्तरला? तुम्ही आहात तोवर काढून टाकू."

त्यांनी कामठी हातात घेतली, वाक बघितला आणि परत पाटावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, याहीनबाई. दोन दिन या घरमा कोनी नव्हतं. समदा मनी पोरजोडे, दवाखानामा व्हतात. त्याना वाक शे हाऊ."

मी भांडी गोळा करायच्या निमित्तानं आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्याला आता चार वर्षं झाली. नात अंगणवाडीत जाते, आणि आईपेक्षा माझ्याशी जास्त भांडते. व्याही दिवाळीनंतर डोंगरात परत गेले. फोनला तिथं रेंज नसते, पण खंडेनवमीला कुठंतरी टेकडीवर चढून ते फोन करतातच. "दोरी उतारेल शे ना?" असं आधी विचारतात, मग नातीची चौकशी. मी म्हणते, आता पुरे करा ते. मनातून मला आवडतं.

पूजा मी अजूनही तशीच मांडते. मास्तरचे पाने, माझ्या कात्र्या, आणि मधोमध ती. संध्याकाळी गल्लीतल्या बायका येतात. नवीन भाडेकरू असली की एखादी हमखास विचारते, "काकू, आणि ही काठी कसली?"

"काठी नाही," मी सांगते. "कामठी आहे. माझ्या विहीणबाईंच्या झाडाची. दोरी उतरवून ठेवलीय." आणि तिला खाली बसायला सांगते.